झाकण उघडायचं नाही

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा नियम ज्या कोणी केला त्याने पुढेमागे माहेर दिल्लीला असू शकतं याची तरतूद केलेली नव्हती. विनायक खांबेट्यांच्या ही त्रुटी ताबडतोब लक्षात आली, कारण केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून बसून दुसऱ्यांच्या कागदांतल्या त्रुटी काढणं हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या मुलीचं, उत्तराचं, सासर पुण्यात होतं. सासूबाई उत्साही होत्या, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता, नवरा चिन्मय आयटीत असूनही माणसात होता. इतकं सगळं सोडून उत्तरा सातव्या महिन्यात दोन बॅगा घेऊन लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी फ्लॅटमध्ये दाखल झाली. "माहेरीच करायचं ना पहिलं," एवढंच तिने कारण दिलं, आणि विनायकरावांच्या पोटात जो गोळा आला तो पुढचे अडीच महिने तिथेच राहिला.

गोळा येण्याला कारण होतं. मागच्या वर्षी उत्तराला एकदा दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. विनायकरावांच्या पत्नी उल्काताई तातडीने पुण्याला गेल्या. विनायकराव गेले नाहीत, कारण संसदेचं अधिवेशन चालू होतं आणि रजा मिळणं शक्य नव्हतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी रजा मागितलीच नव्हती. रडणाऱ्या मुलीसमोर उभं राहून काय बोलायचं याचा कुठलाही नमुना अर्ज त्यांच्याजवळ नव्हता. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही, आणि आता तीच मुलगी विश्वासाने आपल्या दारात आली आहे म्हटल्यावर त्यांची झोप उडाली होती.

भीती वाटली की विनायकराव फाईल उघडतात. त्यांनी याही वेळी उघडली. तीत सोनोग्राफीचे रिपोर्ट तारखेनुसार लावले, रक्तगटाची प्रत तीन ठिकाणी लावली आणि हॉस्पिटलचा नकाशा हाताने काढून जोडला. हॉस्पिटल कस्तुरबा गांधी मार्गाच्या पलीकडे होतं. वाटेत महाराष्ट्र सदन लागतं, म्हणजे वेळ आलीच तर आपली माणसं हाताशी, असा त्यामागचा विचार होता. सलग तीन रविवार त्यांनी एकट्यानेच टॅक्सीने तिथपर्यंत जाऊन सराव केला आणि सरासरी बावीस मिनिटं ही वेळ फाईलमध्ये नोंदवली. रविवारची दिल्ली आणि इतर वारांची दिल्ली ही दोन वेगळी शहरं आहेत, हे एकतीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला सुचू नये, यावरून त्यांच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

अशात तारखेला पाच आठवडे असताना उल्काताई बाल्कनीत सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर सहा आठवड्यांचं. म्हणजे स्वयंपाकघर विनायकरावांकडे आलं. त्यांची पाककला तोवर चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं बशीत मांडणं इथवरच पोचली होती.

तिसऱ्या दिवशी करपलेल्या मुगाच्या खिचडीचा वास लिफ्टच्या वाटेने दोन मजले वर गेला आणि त्या वासाचा माग काढत भानुमतीकाकू खाली आल्या. नवव्या मजल्यावरच्या जयदीप सबनीसांच्या या आई. वय बहात्तर, केस कापलेले, पायात स्पोर्ट्स शूज. चोवीस वर्षं त्या ओमानमध्ये सरकारी इस्पितळात सुईण होत्या.

"मस्कतला होतात ना तुम्ही?" विनायकरावांनी शिष्टाचार म्हणून विचारलं.

"निझवा. मस्कतला फक्त विमानातून उतरले," काकू म्हणाल्या आणि सरळ ओट्याशी गेल्या. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि ते परत ठेवलं. "हे किती वेळा उघडून बघितलंत?"

"पंधरा-वीस वेळा. झालं का ते बघायला."

"म्हणूनच नाही झालं. वाफ सगळी तुमच्या चष्म्यावर बसली. शिजत्या भाताला आणि अडलेल्या बाईला सारखं विचारू नये, झालं का, झालं का. झालं की ती दोघंही सांगतात."

भानुमतीकाकूंचं असंच असायचं. पंचविशीत त्या निझव्याला गेल्या तेव्हा त्यांना धड आमटी येत नव्हती, आणि बाळंतपण जे येत होतं ते पुस्तकातलं होतं. दोन्ही गोष्टी त्या परमुलखात एकदमच शिकल्या. ना कढीलिंब, ना ओला नारळ, ना विचारायला सासू. खजुराचं पुरण घालून पोळ्या केल्या आणि भाषा येत नसताना बायकांची सुटका केली. त्यामुळे त्यांच्या डोक्यात ही दोन खाती कायमची एक झाली होती. मीठ वरून घालता येतं, काढता येत नाही, म्हणून बाळंतिणीला सल्ला कमी द्यावा. आधी भांडी घासून ठेवावीत, मग आच पेटवावी, म्हणजे ऐन वेळी हात बांधलेले राहत नाहीत. विनायकराव हे सगळं डायरीत अनुक्रमांक घालून लिहून घेत.

"एक बलुची नवरा होता," काकू कांदा चिरता चिरता सांगायच्या. "दर पाच मिनिटांनी दारात. बायको बिचारी त्याच्याकडे बघून जास्त घाबरायची. मी त्याच्यापुढे दहा किलो कांदे ओतले, म्हटलं सोल. संध्याकाळी त्याला मुलगा झाला आणि अख्ख्या वॉर्डाने बिर्याणी खाल्ली."

"मग? कांद्याचा काय उपयोग झाला?" विनायकरावांनी पेन सरसावून विचारलं.

काकूंनी उल्काताईंकडे पाहिलं, उल्काताईंनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि विनायकरावांपुढे आणखी चार कांदे आले.

शेजारधर्म मात्र नवव्या मजल्यापुरता मर्यादित नव्हता. समोरच्या दारातल्या मिसेस चड्ढा रोज दुधात तूप घालून पाठवायच्या आणि ते उत्तराने पिईपर्यंत ग्लासासाठी थांबायच्या. एक दिवस त्या एवढं मोठं गाठोडं घेऊन आल्या की आधी गाठोडं आत आलं आणि मग त्या दिसल्या.

"पानीपत से मँगवाई है रज़ाई, भाईसाहब. छोटीवाली नहीं थी, तो डबल बेडवाली ले ली. बच्चे ने बड़ा भी तो होना है!"

रजई मरून रंगाची, तीवर हाताच्या पंजाएवढी फुलं. विनायकराव अंधश्रद्ध नव्हते. पण घरात शुभकार्य तोंडावर आलेलं असताना पानिपतहून काही यावं, हे मराठी माणसाला सहजासहजी पचत नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या श्रीपाद बोरवणकरला त्यांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. "जानेवारीत? पानिपतहून? साहेब, मी तर उंबऱ्याच्या आत नसती घेतली," तो म्हणाला. विनायकरावांनी घरी येऊन रजई उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. उल्काताईंनी तो डाव्या हाताने फेटाळला. उजव्या हाताने काय केलं असतं याचा विनायकरावांनी विचार केला नाही.

मग लाडवांचं प्रकरण झालं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू तयार हवेत, हे उल्काताईंनी पलंगावरून जाहीर केलं. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस असं सगळं आयएनए मार्केटातून आलं आणि काकूंनी बजावलं, "डिंक थोडा थोडा तळायचा. मंद आचेवर. घाई केलीत तर वरून फुलेल आणि आत कच्चा राहील." एवढं सांगून काकू दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. विनायकरावांना संध्याकाळी फाईलमध्ये 'लाडू : पूर्ण' अशी नोंद करायची होती. त्यांनी सगळा डिंक एकदम कढईत ओतला, गॅस मोठा केला आणि पाक झाला की नाही याची खात्री होईना म्हणून तो आणखी दहा मिनिटं उकळू दिला.

लाडू दिसायला सुरेख झाले. फक्त एक हातातून निसटून पडला तेव्हा फरशीचा टवका उडाला. उत्तराला न तपासलेला पदार्थ द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं, म्हणून पहिला डबा परीक्षणासाठी ऑफिसात गेला. श्रीपादने चतुराईने लाडू खिशात घातला. उपसचिव अनुराग माथुर मात्र नेमके तेव्हाच टेबलाजवळून जात होते. "अरे वाह, महाराष्ट्रियन लड्डू!" असं म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला आणि दाढेवरची कॅप डिंकात ठेवून बाहेर काढला.

विनायकरावांचा रजेचा अर्ज त्याच दुपारी याच माथुरसाहेबांपुढे गेला होता. अर्जात कारण म्हणून 'मुलीची प्रसूती' असं स्वच्छ लिहिलं होतं. त्यावर प्रशासन विभागाने आधीच शेरा मारलेला होता की बाप होणाऱ्याला रजेची तरतूद आहे, आजोबा होणाऱ्याला नाही, तरी कोणत्या नियमाखाली हे स्पष्ट व्हावं. माथुरसाहेबांनी खाली 'प्लीज स्पीक' असं लिहून विनायकरावांना बोलावलं. विनायकराव समोर जाऊन उभे राहिले. साहेबांचा गाल सुजला होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं. दोघांनी दोन मिनिटं एकमेकांकडे पाहिलं आणि साहेबांनी हाताने बाहेर जाण्याची खूण केली. चौथ्या दिवशी साधी अर्जित रजा मंजूर होऊन आली, बहुधा हा माणूस काही दिवस इमारतीत नसावा या हेतूने.

रजेवर आल्यावर विनायकराव घरच्यांना जास्तच जाचू लागले. बाळ दिवसातून किती वेळा हललं याचा तक्ता त्यांनी फ्रिजवर लावला आणि दर तासाला ते उत्तराच्या खोलीच्या दारात उभे राहू लागले.

"बाबा, हलतंय यार बाळ. व्यवस्थित हलतंय," उत्तरा म्हणायची. "तू घाबरलायस का?"

"छे, बिल्कुल नाही! आकडा तेवढा सांग."

एकदा तिने आकडा सांगितला नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि म्हणाली, "मीपण घाबरलेय, बाबा. तू सारखा विचारतोस ना, मग मला वाटतं की तुला काहीतरी माहीत आहे." विनायकरावांना खूप काही म्हणायचं होतं. प्रत्यक्षात ते "दूध आणतो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. काकूंनी फ्रिजवरचा तक्ता काढून घडी घालून पदराखाली घेतला.

"डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं ती स्वतः मोजते आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्याकडे सारखं वळून बघता ना, ते बंद करा. एकदा तरी झाकण न उघडता बसून दाखवा."

विनायकरावांनी मनाशी प्रतिज्ञा केली. आणि ती त्यांनी नेमकी नको त्या दिवशी पाळली.

तेवीस जानेवारीला सकाळी साडेनऊला लाडवांची दुसरी खेप चालू होती. डिंक या वेळी थोडा थोडा तळला गेला होता, पाक गॅसवर होता, बाहेर पांढरं मिट्ट धुकं होतं. उत्तरा दारात येऊन म्हणाली, "आई, मला वाटतं चालू झालंय."

काकू पाच मिनिटांत खाली आल्या. त्यांनी उत्तराच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "वेळ आहे. पण निघू या." विनायकरावांना त्यातलं फक्त 'निघू या' ऐकू आलं. चिन्मयला फोन गेला. तो योगायोगाने त्याच दिवशी निघाला होता आणि त्याचं विमान धुक्यामुळे दिल्लीऐवजी जयपूरला उतरलं होतं. टॅक्सी आली. काकूंनी विनायकरावांच्या हातात बॅग आणि फाईल दिली. "तुम्ही सामान घेऊन खाली व्हा. पुढे बसा. आम्ही तिघी मागे बसतो. आणि वाटेत मागे वळून वळून बघायचं नाही, ती घाबरते. कळलं?"

"कळलं."

मिसेस चड्ढांनी त्यांच्या खांद्यावर रजई टाकली. "हॉस्पिटल में ठंड होती है." वाद घालायला वेळ नव्हता. खाली ड्रायव्हरने रजई आणि दोन उशा मागच्या सीटवर ठेवल्या. गेटवरच्या गार्डने फ्लॅट नंबर, टॅक्सी नंबर आणि सही मागितली. विनायकराव रजिस्टरवर वाकून लिहीत असताना मागचं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज आला. ते धावत पुढच्या सीटवर बसले, फाईल छातीशी धरली आणि म्हणाले, "चलो भैया!" आरशाच्या कोपऱ्यात मरून फुलांचा उंचवटा दिसला. गुरफटून बसली आहे पोरगी, हे बरं केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान समोर वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा झाकण न उघडता बसले.

तीन बायका मागच्या सीटवर आहेत आणि गाडीत शांतता आहे, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. प्रसंगच तसा होता.

इंडिया गेटच्या अलीकडे टॅक्सी थांबली. पुढे बॅरिकेड होती. त्या दिवशी परेडची रंगीत तालीम होती, म्हणजे विनायकरावांच्या तीन रविवारच्या तालमींवर सरकारने एकच भारी तालीम ठेवली होती. हवालदार ढिम्म उभा होता. "बारह बजे के बाद," तो म्हणाला. ड्रायव्हरने गाडी वळवली, ती दुसऱ्या गर्दीत जाऊन अडकली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मागून हूं की चूं नाही. किती सोसते आहे पोर, असं विनायकरावांच्या मनात आलं. वळून बघायचं नव्हतं. पण बोलायला काकूंनी मनाई केलेली नव्हती.

"उत्तरा," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "घाबरू नकोस. म्हणजे घाबर हवं तर. मीसुद्धा घाबरलोय. फार घाबरलोय. मागच्या वर्षी मी यायला हवं होतं, बाळा. तू तिथे पडून होतीस आणि मी इथे प्रश्नोत्तरांच्या फाईली लावत बसलो. अधिवेशनाचं मी उगाच सांगितलं. मला काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून आलो नाही. वर्षभर तुझा फोन आला की माझ्या छातीत धस्स होतं आणि मी तो आईकडे देतो. तुला वाटत असेल, बापाला काही नाही. तसं नाहीये गं. तसं अजिबात नाहीये." त्यांनी चष्मा काढून पुसला.

ड्रायव्हर काही वेळ चुळबुळला. मग अदबीने म्हणाला, "सर, बुरा मत मानना, लेकिन उधर से कोई बोल नहीं रहा. शायद कॉल कट गया है."

"किधर से?"

"आप फोन पे बात कर रहे हैं ना? वो कान वाले से?"

विनायकराव वळले. मागच्या सीटवर पानिपतची रजई दोन उशांना टेकून बसली होती. बाकी कोणी नव्हतं.

पुढच्या काही क्षणांत विनायकरावांच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. खिसे चाचपले तर फोन नाही. तो ओट्यावर, पाकाशेजारी राहिला होता. ड्रायव्हरने आपला फोन पुढे केला. पण नंबर? बायकोचा नंबर, मुलीचा नंबर, यांतला एकही त्यांना पाठ नव्हता. पाठ होता तो फक्त सेक्शनचा लँडलाइन. तो श्रीपादने उचलला.

"बोरवणकर, मी मुलीला घरी विसरलो आहे!"

"कोणत्या मुलीला, साहेब?"

"एकुलती एक आहे! उल्काला फोन लाव!"

श्रीपादने एका कानाला मोबाईल, एका कानाला लँडलाइन लावून सगळा संवाद मोठ्याने चालवला, त्यामुळे खांबेटे मुलीऐवजी रजई घेऊन हॉस्पिटलला निघाले आहेत ही बातमी अख्ख्या मजल्याला एकाच वेळी कळली. माहिती अशी मिळाली की तिघी खाली येईतो टॅक्सी गेलेली होती, गार्डने खूप हाका मारल्या होत्या, आणि आता त्या मिसेस चड्ढांच्या गाडीतून निघाल्या आहेत. मिसेस चड्ढा स्वतः चालवत आहेत. फोनमध्ये मागून माथुरसाहेबांचा आवाज आला, "टेल खांबेटे टू रीच द हॉस्पिटल. इट इज अॅन ऑर्डर." त्यांच्या गालाची सूज उतरली होती, हे ऐकून विनायकरावांना तेवढ्यातही बरं वाटलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर ते पोचले तेव्हा त्यांच्याजवळ सगळे कागद होते. मुलगी मात्र समोरच्या माणसाने मागितली.

"पेशंट कहाँ है?"

"रास्ते में है. आप तब तक एडमिशन कर लीजिए."

"पेशंट के बिना एडमिशन नहीं होता."

"ये रहे सारे रिपोर्ट. ब्लड ग्रुप की तीन कॉपी हैं."

"रिपोर्ट की डिलिव्हरी करानी है क्या?" असं विचारून त्याने पुढच्याला बोलावलं. एकतीस वर्षांत विनायकरावांनी स्वतः किती माणसांना असं परत पाठवलं असेल, याचा हिशेब मनात उभा राहायला लागला तेव्हा त्यांनी तो तातडीने थांबवला.

त्याच वेळी इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, इमर्जन्सीच्या दारात, मिसेस चड्ढांची गाडी येऊन उभी राहिली होती. तिथे पेशंट होती आणि कागद नव्हते. वॉर्डबॉयने चौघींवरून नजर फिरवली, प्लास्टर दिसलं तिला व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि उल्काताई काही बोलायच्या आत त्यांना हाडांच्या विभागाकडे घेऊन गेला. उरलेल्या उत्तराला दारातला माणूस फाईल विचारत होता. मिसेस चड्ढा त्याला पंजाबीत उत्तर देत होत्या, आणि ते उत्तर विनायकरावांना काउंटरपर्यंत ऐकू आलं.

ते धावले. खांद्यावरून निसटलेली रजई मागून फरफटत होती. 'पास के बिना प्रवेश नहीं' असं लिहिलेलं एक दार लागलं. नियम वाचून त्याच्या विरुद्ध वागण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ते सरळ आत घुसले. "फाईल!" ते ओरडले. "फाईल है! पेशंट भी है! दोनों हैं!"

उत्तराला आत घेतलं. तासाभराने नर्सने येऊन सांगितलं की वेळ लागेल, अटेंडंटपैकी एकाला दोन मिनिटं भेटता येईल. उल्काताईंना अजून हाडांच्या विभागाने सोडलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही जा. मी तिची कोण?"

उत्तरा कुशीवर पडली होती, कपाळावर घाम होता. बापाला पाहून ती त्या वेदनेतही हसली. "बाबा, तू रजईला घेऊन आलास म्हणे?"

विनायकरावांना सकाळचं सगळं भाषण आठवत होतं, पण ते रजईसमोर झालेलं होतं. मुलीसमोर शब्द तोंडातून निघेना. शेवटी ते म्हणाले, "मागच्या वर्षी मी रजा मागितलीच नव्हती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आईने तेव्हाच सांगितलं. वर्षभर तू माझा फोन दोन मिनिटांत तिच्याकडे देत होतास, यार. मला कळत नव्हतं का?" एक कळ आली, तिने त्यांचा हात धरला आणि बोटं एकमेकांवर घासली जाईपर्यंत दाबला. कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "म्हणून तर इथे आले. पुण्याला राहिले असते तर तू परत काहीतरी काम काढलं असतंस." विनायकरावांनी मान हलवली. काढलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन मिनिटं संपली.

बाहेर बाकावर भानुमतीकाकू ताठ बसल्या होत्या. शेजारी बसताना विनायकरावांचा हात त्यांच्या हाताला लागला. बोटं गार पडली होती आणि किंचित थरथरत होती.

"काकू, तुम्हालासुद्धा?"

"दर वेळी," काकू समोर बघत म्हणाल्या. "शेवटी शेवटी एका बाळंतपणात वाटली नाही भीती. नुसतंच काम वाटलं. त्या महिन्यात राजीनामा दिला आणि परत आले." मिसेस चड्ढा डोळे मिटून पुटपुटत होत्या. उल्काताई हाडांच्या विभागातून नव्या एक्स-रेसह सुटून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. विनायकराव त्या बंद दाराकडे बघत राहिले आणि त्यांनी एकदाही जाऊन विचारलं नाही.

पावणेचारला दार उघडलं. नर्सच्या हातात हिरव्या कापडाची एक लहानशी गुंडाळी होती. "बेटी हुई है. माँ ठीक है, बिल्कुल ठीक. कौन लेगा?"

बाप जयपूरच्या रस्त्यावर कुठेतरी होता. आजीचा हात प्लास्टरमध्ये होता. भानुमतीकाकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. सगळे विनायकरावांकडे बघत होते.

"सिर के नीचे हाथ रखिए," नर्स म्हणाली, आणि गुंडाळी त्यांच्या हातात आली. एवढंसं लालबुंद तोंड, मिटलेले डोळे, हनुवटीखाली एक मूठ. उल्काताईंनी आपला धड हात खालून धरला. काय बोलायचं असतं अशा वेळी, हे त्यांना आजही माहीत नव्हतं. ते खाली वाकले, त्या कानाशी तोंड नेलं आणि सापडले ते शब्द म्हणाले.

"आलो. आलो गं मी."